वाडा कोणी रंगवला?

संपादकांनी मजकडे एक हलकीफुलकी गोष्ट मागितली होती. सणाचे दिवस, घरात अनारशांचा आणि चकल्यांचा घमघमाट, अंक आजोबांच्या हातातून नातीच्या हातात जाणार. तेव्हा काहीतरी गोड लिहा, असा त्यांचा निरोप होता. मी गोष्ट लिहावयास बसलोही. पण गेल्या जानेवारीपासून घशात एक काटा अडकलेला आहे, तो काही केल्या निघेना; आणि घशात काटा असलेल्या माणसाने गोड गळ्याचे सोंग आणू नये, हे बरे. म्हणून गोष्टीऐवजी हे भांडण पाठवीत आहे. भांडण पहिल्याने स्वतःशी आहे, मग तुमच्याशी. फराळाचे ताट बाजूला सारावयाचे कारण नाही. चिवडा खाता खाता वाचले तरी चालेल. मात्र शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात चित्रकलेचा मास्तर आहे. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. तिला चित्रकला-शिक्षकाची पदविका चिकटवली आणि खडू हातात घेतला. दोन-तीन कादंबऱ्या नावावर आहेत. त्या वाचलेली माणसे एका बंडीत मावतील आणि वर बैलांना ओझेही होणार नाही. शाळेचे स्नेहसंमेलन आले की पडदे रंगवण्याचे काम माझ्याकडे येते. गेल्या जानेवारीत मी एक वाडा रंगवला. पाच रात्री जागलो. दिंडी दरवाजा, कोरीव खांब, ओसरी, ओसरीवर टांगलेली बंगई, कोनाड्यात दिवा. असा वाडा मी आयुष्यात रंगवला नव्हता.

त्या वाड्यापुढे मुलांनी एक प्रहसन केले. दहावीतला एक पोरगा धोतर नेसून, टोपी तिरकी घालून, ओठावर काजळाची मिशी काढून बंगईच्या चित्रापुढे उभा राहिला. नववीतली एक मुलगी हातात अर्जाचा कागद घेऊन आली. तिचे काम एवढेच, की अर्ज पुढे करावयाचा. पोराने मान वाकडी केली, डोळा बारीक केला, आवाज नाकात ओढला आणि बाईने वाड्यावर यावे असे ते सुप्रसिद्ध आमंत्रण दिले. मांडव फुटावयाचा तेवढा राहिला! शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, ‘वन्स मोअर’ झाला. पोराने ते वाक्य तीन वेळा म्हटले आणि तिन्ही वेळा ती मुलगी अर्ज हातात धरून तशीच उभी राहिली. पहिल्या रांगेतले पाहुणे हसता हसता डोळे पुसत होते. मीही हसलो. खरे सांगावयाचे तर माझे लक्ष मुलीकडे नव्हतेच; दिव्यांच्या उजेडात माझे खांब कसे उठून दिसतात, ते मी पाहत होतो.

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य त्या मुलीच्या मागे लागले. एस. टी.च्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीपाशी, नळावर, ती दिसली की कोणीतरी नाकातून बोले आणि बाकीचे खिदळत. तिने आधी मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडणे सोडले, मग थांब्यावर उभे राहणे सोडले, मग शाळा सोडली. होळीच्या सुमारास मी तिच्या बापाला भेटावयास शेतावर गेलो. उरलीसुरली फरदड वेचणे चालले होते. पोरगीही आईबरोबर वेचीत होती. मला पाहून तिने डोक्यावरचे फडके पुढे ओढले. बाप भला माणूस. त्याने मला बांधावर बसवले, पाणी दिले. मी म्हटले, मुले आहेत, आम्ही त्यांना समज दिली आहे, तिला पाठवा. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पोट्टे हाये सर, पोट्ट्याईले काय म्हनाव? पन वाडा त तुम्हीच रंगवला व्हता ना?”

जूनमध्ये पोरीला तिच्या मामाच्या गावी शाळेत घातले. आमच्या पटावरून तिचे नाव कमी झाले.

ही गोष्ट मी आमच्या एका सहकाऱ्यांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही फार मनाला लावून घेता. गंमत ती गंमत. शिवाय ह्यात वाईट असले तर त्या नटाचे. त्यानेच आयुष्यभर तसली कामे केली, लोकांच्या तोंडी तसली वाक्ये दिली. आणि मेल्यावरसुद्धा लोकांच्या तोंडी राहिला, हे त्याचे केवढे भाग्य!”

ह्या तीन वाक्यांत तीन खोट्या गोष्टी आहेत, आणि आज मला त्या तिन्हींचा समाचार घ्यावयाचा आहे. पण त्या आधी तो नट कोण होता, हे सांगणे भाग आहे; कारण त्या दहावीतल्या पोराला मी विचारले, “अरे, हे वाक्य कोणत्या चित्रपटातले?” तर त्याला सांगता आले नाही. त्याने एकही चित्रपट पाहिला नव्हता. तो जन्मला त्या आधीच, १३ जुलै २००९ रोजी, तो नट वारला होता. पोराने मोबाइलवर नकलाकारांची नक्कल पाहिली आणि नकलेची नक्कल केली. मूळ माणूस कोठेच नव्हता.

तो मूळ माणूस म्हणजे नीळकंठ कृष्णाजी फुले, महाराष्ट्राचे निळूभाऊ. घर गरिबीचे. वडील लोखंडी मोडीचा आणि भाजीचा धंदा करून संसार ओढीत. सतराव्या वर्षी पोरगा पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागला. पगार महिना ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये तो राष्ट्र सेवा दलाला देई. वाचकहो, हा हिशेब जरा आपल्या आजच्या पगाराला लावून पाहा. आठवा हिस्सा! आमच्या शिक्षकखोलीत पूरग्रस्तांसाठी पन्नास रुपयांची वर्गणी निघाली तरी तिच्यावर मधल्या सुट्टीभर चर्चा होते.

सेवा दलाच्या कलापथकात हा माळी नट झाला. गावोगाव जावयाचे, ओट्यावर, पारावर, जत्रेत उभे राहावयाचे, आणि लोकांना हसवता हसवता जातीची, अंधश्रद्धेची, सावकारीची साल काढावयाची, ही त्याची शाळा. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ह्या लोकनाट्याने त्याला नाव दिले. १९६८ साली अनंत माने ह्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त तो झेलेअण्णा होऊन पडद्यावर आला, आणि तेथून पुढे चार दशके मराठी चित्रपटातल्या खेड्याला त्याचा चेहरा चिकटला. पाटील, सरपंच, सभापती, साखरसम्राट. शंभराहून अधिक चित्रपट. खेडोपाडी बायका त्याला पाहून बोटे मोडीत, हे सर्वश्रुत आहे.

आता ती बोटे मोडण्याची गोष्ट. कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या गावात दूरदर्शनचा एकच संच होता, आणि तो होता गावच्या मोठ्या घरी. रविवारी दुपारी मराठी चित्रपट लागला की सारे गाव त्या घराच्या अंगणात बसे. आम्ही मुले पुढे, बायका मागे भिंतीला टेकून, गडीमाणसे बाहेर दारापाशी. मालक ओसरीवर बंगईत बसून पाय हलवीत बघत. त्या दिवशी पडद्यावर निळू फुले होते. चित्रपटाचे नाव मला आज आठवत नाही, पण प्रसंग आठवतो. एका विधवेच्या शेताच्या कागदावर अंगठा उमटवून घेतला जात होता, आणि फुले अगदी मऊ आवाजात, लेकीशी बोलावे तसे तिच्याशी बोलत होते. माझ्या मागे कडाकडा आवाज झाला. वळून पाहतो तो माझी आई, शेजारची काकू, पलीकडची आजी, सगळ्या बोटे मोडीत होत्या. एकीने तर पडद्याकडे पाहून थुंकल्यासारखे केले. पण त्यांच्या नजरा! नजरा पडद्यावर होत्याही आणि नव्हत्याही. अधूनमधून त्या नजरा हळूच ओसरीवरच्या बंगईकडे जात होत्या. बंगईची कडी करकरावयाची थांबली होती. थोड्या वेळाने मालक उठले, आणि मशीन तापले आहे, त्याला विसावा पाहिजे असे म्हणून त्यांनी संच बंद केला. आम्ही मुले हिरमुसलो. बायका मात्र एक अक्षर न बोलता पदर सावरून उठल्या. वाटेने आई म्हणाली, “समजलं त्याले.”

एवढे सामर्थ्य होते त्या माणसात! पुण्यात कॅमेऱ्यापुढे त्याने मान तिरकी केली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणात एका बंगईची कडी थांबली. आईने निळू फुल्यांना शिव्या घातल्या असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, आईने निळू फुल्यांच्या तोंडून मालकाला शिव्या घातल्या. जे तिला उघड बोलता येत नव्हते ते बोलण्याची सोय त्या नटाने तिला करून दिली होती. आणि आम्ही शिकलेल्या माणसांनी, मोबाइल हातात असलेल्या माणसांनी, त्या नटाचे काय केले? त्याचे तोंड पळवले आणि मालकाला देऊन टाकले. आता ते वाक्य पोरीला उद्देशून म्हटले जाते आणि अंगण हसते. बंगई पुन्हा करकरू लागली आहे.

सहकाऱ्यांचे पहिले वाक्य होते, गंमत ती गंमत. मी गमतीचा शत्रू नाही. निळूभाऊ स्वतः लोकनाट्यातून आलेले. लोकनाट्यात गंमत नाही तर काय सत्यनारायणाची पोथी असते? आमच्याकडच्या दंडारीतसुद्धा सोंगाड्या पाटलाची चेष्टा करतो. पण ती चेष्टा कोणाची असते, हे पाहावे. सोंगाड्या पाटलाचे सोंग घेतो ते पाटलाला हसावयासाठी. गवळणीला रडवावयासाठी नव्हे. हसू वरच्याकडे जाते तेव्हा ते धाडस असते. खालच्याकडे वळते तेव्हा ती दांडगाई होते, मग ती कितीही तालासुरात असो.

ह्याच मराठी रंगभूमीवर १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आले. विराटाच्या घरचा कीचक सैरंध्रीवर डोळा ठेवतो, ही पुराणकथा. पण प्रेक्षकांनी ओळखले, की हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि ती सैरंध्री म्हणजे परदास्यातला आपला देश. सरकारनेही ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. त्या काळचा प्रेक्षक बहुतांशी माझ्यापेक्षाही कमी शिकलेला होता; परंतु कीचक पाहून घरी गेल्यावर त्याने नळावरच्या पोरीला कीचकाचे भाषण ऐकवले नाही. रंगमंचावरचा दुष्ट कोणाचे चित्र आहे, हे त्याला समजत होते. शंभर वर्षांत आपण साक्षर झालो, पदवीधर झालो, आणि प्रेक्षक म्हणून मात्र मॅट्रिकही नापास झालो. कीचक रंगमंचावर आला की आता आपण त्याला ‘वन्स मोअर’ देतो.

दुसरे वाक्य, दोष त्या नटाचा. त्यानेच आयुष्यभर तसली कामे केली. येथे मी काही गोष्टी कबूल करतो. निळूभाऊंनी पुष्कळ सुमार चित्रपटांत कामे केली. तीच टोपी, तेच धोतर, तीच ओसरी. पोट कलावंतालाही असते, आणि निर्माते त्याच्या दाराशी पाटलाखेरीज दुसरे काही घेऊन जात नसत. पण निर्माते पाटीलच का नेत? कारण तिकीट आपण पाटलाचे काढत होतो! हाच माणूस १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये सखाराम झाला, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, शिवराळ, क्रूर आणि तरीही ढोंग न करणारा सखाराम. कमलाकर सारंगांनी ते नाटक बसवले, सेन्सॉरशी आणि संस्कृतिरक्षकांशी झुंज दिली, प्रकरण हायकोर्टात गेले. हाच माणूस जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये म्हातारा गांधीवादी बाप झाला, ज्याचा स्वतःचा मुलगा मुख्यमंत्रिपदावर बसून बापाच्या ध्येयांचे मातेरे करतो. १९७९ सालच्या ‘सिंहासन’मध्ये हाच माणूस पत्रकार दिगू टिपणीस झाला, सत्तेची सारी घाण जवळून पाहून शेवटी भ्रमिष्टासारखा हसत सुटणारा दिगू. सांगा, ह्यांतला एखादा तरी तुमच्या मोबाइलवर येतो काय? दिगूची नक्कल कोणत्या संमेलनात होते? चांगले ते आपण विसरलो, सुमार ते जपून ठेवले, आणि आता म्हणतो, दोष नटाचा.

आणि ‘सामना’! त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्यात माझा, म्हणजे मास्तराचा, संबंध आहे. डॉ. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांची लेखणी, रामदास फुटाणे निर्माते. १९७५ साली हा मराठी चित्रपट बर्लिनच्या महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. निळू फुले त्यात हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचा धनी, आणि डॉ. श्रीराम लागू एक दारुडा, भणंग झालेला मास्तर. हिंदुराव ह्या मास्तराला उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, मान देतो. आवाज चढवत नाही. लोकांचे भले करतो, आणि ते भले आपल्या मुठीत ठेवतो. मास्तराने फक्त एक प्रश्न विचारावयास घेतला: मारुती कांबळे नावाचा माणूस होता, त्याचे काय झाले? एवढाच प्रश्न, पुन्हा पुन्हा, ज्याला त्याला. आणि एवढ्या मोठ्या हिंदुरावाच्या पायाखालची जमीन त्या एका प्रश्नाने सरकली.

निळूभाऊंनी हिंदुराव कसा केला, हे खलनायक लिहिणाऱ्या प्रत्येक कादंबरीकाराने पाहावे. मी पाहिला तेव्हा माझी मला लाज वाटली. माझ्या पहिल्या कादंबरीत एक पाटील आहे. त्याला मी झुपकेदार मिशा दिल्या, लाल डोळे दिले, पहिल्याच पानावर त्याला गड्याला लाथ मारावयास लावले. वाचकाला वाटले असेल, छे, आपल्या गावात असा कोणी नाही! निळूभाऊंचा पाटील पाहून तसे म्हणता येत नाही. तो हसतो, चौकशी करतो, पाठीवरून हात फिरवतो, म्हणून तो आपल्या गावचा वाटतो. दुष्टपणा किती मऊ बोलतो, हे त्यांनी दाखवले. नकलाकार नेमके तेवढेच गाळतो. तो मऊपणाखालचा सुरा फेकून देतो आणि रिकामी म्यान हलवीत बसतो. आणि आपण म्यानेला निळू फुले म्हणतो.

आता तिसरे वाक्य: मेल्यावर लोकांच्या तोंडी राहिला, हे भाग्य. हे कसले भाग्य? १९९१ साली ज्याला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, डॉ. लागूंसारख्या सोबत्यांबरोबर ज्याने ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला, की त्यातून समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चुली पेटत्या राहाव्यात, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत जो उभा राहिला, त्याची स्मृती एका टवाळ वाक्यावर टांगून ठेवावयाची, आणि तेही पोरीबाळींचा रस्ता अडवण्यासाठी? ह्याला तोंडी राहणे म्हणत नाहीत. आमच्या गावात ह्याला तोंडाला काळे फासणे म्हणतात.

ही चाल एकट्या निळूभाऊंशी झालेली नाही. ललिता पवारांचे घ्या. येवल्याची ही मुलगी मूकपटांच्या काळात नायिका होती. १९४२ साली चित्रीकरणात भगवानदादांची एक थप्पड खरोखरच बसली, चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचे आयुष्य तेथे संपले. दुसरी एखादी घरी बसली असती. ही बाई उपचार घेऊन परत उभी राहिली आणि त्या अधू डोळ्यालाच तिने आपले हत्यार केले. सासू झाली, दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मंथरा झाली, आणि १९५९ सालच्या ‘अनाडी’त तोंडाची फटकळ पण पोटात माया असलेली मिसेस डिसाही झाली. आपण काय उचलले? घरात एखादी सासू जरा करड्या आवाजात बोलली की ‘ललिता पवार’ म्हणून तिला चिडवावयाचे. १९९८ साली पुण्याच्या घरात त्या एकट्या असताना गेल्या. लोकांना कळले ते मागाहून. ज्या बाईचे नाव घरोघरी शिवी म्हणून वापरात होते, तिच्या उशाशी त्या वेळी कोणी नव्हते.

दूर अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. मार्गारेट हॅमिल्टन नावाची एक बालवाडीची शिक्षिका होती. पुढे ती चरित्र अभिनेत्री झाली. १९३९ सालच्या ‘द विझार्ड ऑफ ओझ’ ह्या चित्रपटात तिने हिरव्या तोंडाची दुष्ट चेटकीण केली. चित्रीकरणात ती चांगलीच भाजली होती. तिला पाहून पिढ्यान्‌पिढ्या पोरे घाबरत राहिली. पण १९७५ साली मुलांच्या एका दूरदर्शन-कार्यक्रमात तिला बोलावले गेले. म्हाताऱ्या बाईने मुलांसमोर चेटकिणीचा झगा चढवला, टोपी घातली आणि दाखवून दिले, की बघा, हे सोंग आहे, आत मी आहे. त्या समाजाचे गोडवे मला गावयाचे नाहीत. परंतु सोंग आणि माणूस ह्यांतला फरक मुलांना दाखवून दिला पाहिजे, एवढे तेथे कोणालातरी सुचले. आमच्याकडे हे काम कोणाचे? माझ्यासारख्या मास्तराचे. आणि मी तेव्हा काय करत होतो? वाडा रंगवीत होतो.

आपण ह्या नटांना ‘चरित्र अभिनेते’ म्हणतो. केवढा मोठा शब्द! पण त्यांचे चरित्र कोणी वाचत नाही. नायकाचे लग्न, नायिकेचे भांडण, त्यांचे कुत्रे, त्यांची मोटार, सारे आपल्याला पाठ. जो माणूस चित्रपटाला खेडे देतो, घर देतो, सासू देतो, मालक देतो, ज्याच्यावाचून नायकाची मर्दुमकी हवेत वार केल्यासारखी होईल, तो मात्र पाटीत ‘सहाय्यक’.

कोणी म्हणेल, ह्या लहानशा गोष्टीवर एवढे रान का उठवावे? गावात पाटीलकी राहिली नाही, वाडे पडले, बंगया मोडीत निघाल्या. खरे आहे. पण वाडा म्हणजे काही चार खांब नव्हेत. अर्ज घेऊन आलेल्या बाईला जेथे ताटकळत उभे करतात, तो वाडा. तो कचेरीत असू शकतो, सोसायटीत असू शकतो, कापसाच्या काट्यापाशी असू शकतो. आमचा हा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशभर माहीत झालेला. २००९ साली आलेला ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा चित्रपट शेतकऱ्याच्या ह्याच दुःखावर होता, आणि जाता जाता निळूभाऊंनी त्यात काम केले. त्या आत्महत्यांमागे उरलेल्या बायका किती दारांत अर्ज घेऊन उभ्या राहिल्या असतील! २०१९ साली यवतमाळला साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन अशाच एका शेतकऱ्याच्या विधवेने केले. त्या भगिनीने स्वतःसारख्याच बायांबरोबर नाटकात कामही केले होते. माझ्या पडद्यापुढे त्या मुलीच्या हातात अर्जच दिला होता, हे मला बांधावर बसेपर्यंत उमगले नव्हते. अर्ज हातात घेतलेली बाई आणि तिच्यावर हसणारे गाव. असले चित्र यवतमाळ जिल्ह्यात रंगवावयाचे, आणि त्याला गंमत म्हणावयाचे!

म्हणून ह्या दिवाळीत माझी एक विनंती आहे. नातेवाईक जमतील, जेवणे होतील, कोणी काका किंवा मामा मोबाइल पुढे करील आणि म्हणेल, “हे बघा, निळू फुले!” तेव्हा पडद्याकडे पाहू नका. खोलीतल्या मुलींच्या तोंडाकडे पाहा. त्या हसत असतील तर कशा हसताहेत, ते पाहा. आणि मग त्या काकाला किंवा मामाला विचारा, की ह्या माणसाचा एखादा चित्रपट तू पाहिला आहेस काय? पाहिला नसेल तर रात्री सगळे मिळून ‘सामना’ पाहा. लहानांना काही कळणार नाही, असे म्हणू नका. माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती. तिला सगळे कळले होते.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. तो पडदा शाळेच्या अडगळीच्या खोलीत गुंडाळून ठेवलेला आहे. मुख्याध्यापक म्हणाले, चांगला झाला आहे, ह्या वर्षीही वापरू. मी म्हटले, वापरू. ह्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो खाली काढणार आहे आणि खांब, ओसरी, बंगई, सगळ्यांवर दोन हात पांढरा रंग देणार आहे. जानेवारीत संमेलनाच्या आदल्या रात्री त्याच पांढऱ्या कापडावर, शाळेच्या पटांगणात, आम्ही ‘सामना’ दाखवणार आहोत. मुख्याध्यापकांनी थोडे आढेवेढे घेऊन होकार दिला आहे. त्या दहावीतल्या पोराने आता शाळा सोडली आहे, पण तोही येतो म्हणाला आहे; प्रोजेक्टरची वायर ओढून द्यावयाचे काम त्याने अंगावर घेतले आहे.

मुलीच्या बापालाही मी निरोप धाडला आहे, की लेकीला घेऊन या. कापूस वेचून झाला तर येतो, असा उलट निरोप आला आहे.